सतरा नंबरचे एकतीस फॉर्म

संस्थेचा निवडणुकीचा अंदाज चांगला नऊ टक्क्यांनी आपटला, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या एकाही शहाण्याला वाटलं नाही की चूक चौथ्या मजल्यावर असेल. चूक नेहमी खाली असते. तळमजल्यावर फील्डवाले बसत. बसत कुठले, सकाळी फॉर्मांचे गठ्ठे उचलून दारोदार जात आणि संध्याकाळी ते भरून आणत. वर त्या फॉर्मांचं मॉडेल होई. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथल्या उंटाला लिफ्ट होती.

वर तीन टेबलं होती. पहिलं साहेबांचं. साहेब अर्थशास्त्राचे. कुठल्या घराला महागाईची किती धास्ती आहे त्यावरून ते घर कुणाला मत देईल हे सांगणारं त्यांचं मॉडेल होतं, आणि ते त्यांना पोटच्या पोरासारखं प्रिय होतं. दुसरं टेबल मतवाल्यांचं. तीस वर्षं मतदानाचा अभ्यास करून या गृहस्थांनी स्वतः एकदाही रांगेत उभं राहून मत दिलं नव्हतं, म्हणून सगळे त्यांना मतवाले म्हणत आणि तेही हसून ओ देत. तिसरं टेबल कणबाईचं. ती कणभौतिकीतून आलेली. जमिनीखालच्या लांबलचक बोगद्यात कण एकमेकांवर आपटून त्यातून काय बाहेर पडतं ते शोधणाऱ्या हजारभर माणसांत ती सात वर्षं होती. तिथलं काम आटोपलं आणि ती हजारभर माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. गणित तेच, फक्त कणांच्या जागी माणसं, असं साहेब तिला मुलाखतीत म्हणाले होते, आणि तिला ते पटलं होतं.

तळमजल्यावर तिची मावशी होती. सख्खी. कणबाई चार वर्षांची असताना आई गेली, आणि मावशीने तिला पदराखाली घेतलं. सव्वीस वर्षं मावशी दारोदार फॉर्म घेऊन हिंडली. भाची बोगद्यात गेली तेव्हा ती अनोळखी दारात उभी राहून, पहिला प्रश्न विचारायच्या आधी, ‘माझी भाची जमिनीखाली कण पकडते बरं का,’ असं सांगायची. ऐकणाऱ्याला वाटे, बाई उंदरांबद्दल बोलतेय. पुढे भाचीला संस्थेत जागा आहे हे मावशीनेच कळवलं, आणि अर्जही मावशीनेच नेऊन दिला.

तर, अंदाज आपटल्यावर साहेबांनी कणबाईला बोलावलं.

“फील्डवर कुणीतरी घरी बसून फॉर्म भरलेत,” ते म्हणाले. “मला वास येतोय. तुमच्या त्या बोगद्यात खोटा कण पकडायची काहीतरी पद्धत असेल ना? ती इथे लावा. खोटा माणूस पकडा.”

“खाली माझी मावशी आहे, साहेब.”

“म्हणून तर तुम्ही. तुम्ही केलंत तर कुणी बोट दाखवणार नाही.”

बोगद्यात एक रीत होती. माणसाला जो कण हवा असतो तोच दिसायला लागतो, म्हणून खरं उत्तर एका बंद पेटीत ठेवायचं. पद्धत ठरवायची, नकली आकड्यांवर तपासायची, सगळ्यांनी त्यावर सह्या करायच्या, आणि मगच पेटी उघडायची. पेटी उघडल्यावर पद्धतीत तसूभरही बदल करायचा नाही. केला तर तो शोध नाही, लबाडी. कणबाईने ही रीत जशीच्या तशी संस्थेत आणली. एकेचाळीस फील्डवाल्यांना एक ते एकेचाळीस नंबर दिले. कुठला नंबर कुणाचा ती यादी पाकिटात घालून, लाख लावून, साहेबांच्या कपाटात. तिच्यापुढे फक्त नंबर आणि उत्तरं. मतवाले याला ‘आंधळी कोशिंबीर’ म्हणाले, पण त्यांनाही ती आवडली.

पद्धत साधी होती. एका फॉर्मात साठ प्रश्न. घरी बसून खोटे फॉर्म भरणाऱ्याची कल्पनाशक्ती लवकर आटते. तो स्वतःचीच नक्कल करायला लागतो. तेव्हा प्रत्येक नंबरचे फॉर्म एकमेकांशी ताडून बघायचे. साठातली एकावन्न उत्तरं किंवा त्याहून जास्त जुळली की ती जोडी संशयित. ज्याचे दहातून एकापेक्षा जास्त फॉर्म संशयित, तो खोटा. तिने हे नकली आकड्यांवर पाच वेळा चालवलं आणि पाचही वेळा बनवलेला चोर बरोबर सापडला. तिघांनी सह्या केल्या.

खऱ्या फॉर्मांत एकच चोर निघाला. नंबर सतरा. एकशेअठरापैकी एकतीस फॉर्म जवळजवळ सारखे.

पाकीट सकाळी अकरा वाजता उघडायचं ठरलं, सगळ्यांसमोर, तळमजल्यावरच. फील्डवाले भिंतीला टेकून उभे. मावशी पुढे, कारण भाचीचं काम बघायची हौस. शेजारणीला ती कुजबुजली, “बघ हं, कशी शोधून काढते ती.” साहेबांनी लाख फोडली, यादीवरून बोट फिरवलं, आणि ते बोट थांबलं. त्यांनी नाव वाचलं नाही. यादी कणबाईच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुम्हीच वाचा.”

तिने वाचलं. आवाज कापला नाही, याचा तिला पुढे बरेच दिवस अभिमान वाटत राहिला, आणि त्या अभिमानाची लाजही वाटली, पण अभिमान आधी वाटला हे खरं.

मावशी हसली. तिला वाटलं भाची गंमत करतेय. मग तिने आजूबाजूला बघितलं. ज्या बायका सव्वीस वर्षं तिच्या डब्यातलं खात आल्या होत्या त्या पाऊलभर सरकून उभ्या राहिल्या होत्या.

“मी गेले होते,” मावशी म्हणाली. “सगळ्या घरी गेले होते मी.”

“घरी बोलू, मावशी,” कणबाई म्हणाली.

वर जाताना लिफ्टमध्ये मतवाल्यांनी तिचा खांदा थोपटला. “सख्ख्या मावशीलाही सोडलं नाहीत,” ते म्हणाले. “मानलं तुम्हाला.” दुपारपर्यंत हे वाक्य इमारतभर फिरलं होतं. ती जेवायला गेली तर लोक तिच्यासाठी खुर्ची ओढू लागले.

जेवण झाल्यावर अहवालाला जोडायला म्हणून तिने ते एकतीस फॉर्म मागवले. कागदी फॉर्म ती पहिल्यांदाच हातात घेत होती. आजवर सगळं पडद्यावर, आकड्यांत. वरच्याच फॉर्मात मावशीचं बारीक, उभट अक्षर. पहिल्या चार चौकटी भरलेल्या: बाई, वय अमुक, घरात पाच माणसं. पुढे पानभर नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव. नव्व्याण्णव म्हणजे ‘सांगणार नाही’. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘दार अर्धंच उघडलं. नवरा मागे उभा होता. बाई बोलेना.’ दुसऱ्या फॉर्मात तेच नव्व्याण्णव, आणि समासात: ‘म्हाताऱ्याने आत घेतलं, पाणी दिलं, पण मताचं विचारल्यावर रेडिओ मोठा केला.’ तिसऱ्यात: ‘तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाली, बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण नको.’ समासातली पेन्सिल कुणी कधी संगणकात चढवलीच नव्हती.

एकतिसाच्या एकतीस फॉर्मांत हेच होतं. 

बोगद्यात हजारो तारा असत आणि कण गेला की तार वाजे. दोन टकरींत त्याच तारा गप्प राहिल्या तर त्या टकरी सारख्या, यात काही चूक नव्हती. गप्प तार म्हणजे तिथे कुणी आलंच नाही. इथे तिने गप्प माणसंही तशीच मोजली होती. दोन माणसांनी तोंड उघडलं नाही, म्हणून ती दोन माणसं तिच्या मॉडेलने एकच ठरवली, आणि त्यांच्या दारात उभी राहिलेली बाई खोटी ठरवली. बाकीचे चाळीस जण न बोलणारं घर सोडून शेजारच्या बोलक्या घरात शिरत, त्यामुळे त्यांचे फॉर्म कसे रसरशीत, हरतऱ्हेचे. चिठ्ठ्या टाकून निवडलेलं घर सोडायचं नाही आणि न दिलेलं उत्तर लिहायचं नाही, हा नियम एकटी मावशी पाळत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि इथे तर चोरही नव्हता.

तिने नव्व्याण्णव वगळून पुन्हा चालवलं. तीन मिनिटं लागली. सतरा नंबर यादीच्या पार तळाला गेला, एकेचाळिसातला सगळ्यात स्वच्छ. वर संशयित असं कुणीच उरलं नाही. आणखी एक गोष्ट तिने बघितली, जी बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं: ज्या गल्ल्यांत मावशीला गप्प माणसं भेटली, नेमक्या त्याच गल्ल्यांनी निवडणूक उलटवली होती. अंदाज का आपटला हे संस्थेत एकाच माणसाने आणून दिलं होतं, पेन्सिलीने लिहून.

चार वाजता ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी तो दोनदा वाचला. ते मूर्ख नव्हते. त्यांना दुसऱ्या वाचनापर्यंतही थांबावं लागलं नसेल.

“बरोबर आहे हे,” ते म्हणाले.

“मग मी खाली जाऊन सांगते.”

“सांगा की. काल आणलं असतंत तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण पेटी आज अकराला उघडली. उघडल्यावर हात लावायचा नाही, हा नियम कुणी आणला इथे?”

“मी.”

“नाव कळल्यावर पद्धत बदलली, आणि बदलून कोण सुटलं, तर मावशी. लोक काय म्हणतील ते मी सांगायला हवं का? तुमचं गणित बरोबर असलं तरी म्हणतील. आणि मग मावशी नुसती खोटी नाही राहणार, वशिल्याने सुटलेली खोटी होईल.”

“पण ती खोटी नाहीये, साहेब.”

“नाहीये ना. मी कुठे आहे म्हणतोय?” ते अगदी मायेने बोलत होते. “तुम्ही म्हणाल ते करू. दुरुस्तीचं पत्र लिहा, मी सही करतो. फक्त विभागप्रमुख म्हणून तुमची शिफारस संध्याकाळी जायची आहे, ती मला मागे घ्यावी लागेल. ज्या पद्धतीसाठी शिफारस, तीच चुकलेली, असं कसं पाठवू?”

कणबाई उभी राहिली. खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा तो चिरका आवाज बराच वेळ चालला होता. तो थांबल्यावर तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “उद्या बघू.”

माणसाला मारायचं तर सुरा लागतो असं नाही. ‘उद्या बघू’ पुरतं.

मावशी घरी तिची वाट बघत बसली होती. स्वयंपाक झालेला होता, ताटं घेतलेली होती. रडून झालेलं दिसत होतं, पण आता ती भांडायच्या तयारीत होती.

“मी सव्वीस वर्षं एक खोटी रेघ मारली नाही,” ती म्हणाली. “त्या बाईच्या दाराचा रंग सांगू तुला? हिरवा. कडी डावीकडे. मी तीनदा गेले तिथे.”

“जेव आधी.”

“जेवण गेलं चुलीत. मला एक सांग.” मावशीने तिचा हात धरला. “तुझं गणित चुकतं का गं?”

आता खरं म्हणजे एका शब्दाचं काम होतं. ‘हो’. पोरगी बोलायला लागली तेव्हा पहिल्या दहा शब्दांत तो शिकली असेल. कणबाईच्या डोळ्यांपुढे लिफ्टमधला तो खांद्यावरचा हात आला, ओढलेली खुर्ची आली, बोगद्यातून बाहेर पडल्यावर दोन वर्षं कुणीही न दिलेली किंमत आली. तिने ठरवलं, शिफारस आधी मंजूर झाली की आठवडाभराने शांतपणे सांगू. तोवर कशाला.

“पाच वेळा तपासलं मी,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

मावशीने हात सोडला. भांडण तिच्या चेहऱ्यावरून उतरलं आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. कणबाईला ते ओळखीचं वाटलं. आजीच्या शेवटच्या वर्षांत घरात सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते असे. आजी शेवटी स्वतःच्या लेकींना पाहुण्या समजून चहा विचारायची. मावशी तिचं सगळं करायची, आणि एका गोष्टीला आयुष्यभर भ्यायली, ती हीच.

“म्हणजे मला वाटतंय मी गेले,” मावशी हळू म्हणाली, “आणि मी गेलेच नाही.”

“असं नको बोलूस.”

“मग कसं बोलू? तू चुकत नाहीस. दार तर मला दिसतंय.”

त्या दिवसापासून मावशी स्वतःवर पहारा करू लागली. शेगडी बंद केली का ते बघायला जिन्यावरून परत यायची. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: मीठ, साखर. साठ वर्षांच्या बाईने मिठाच्या डब्यावर मीठ लिहिलेलं कणबाईने बघितलं, त्यातलं मीठ घेतलं आणि आमटीत घातलं. सांगायचं तिच्या मनात होतंच. रोज होतं. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी विभागप्रमुख होऊन परत यायची.

एका दुपारी मावशी कुणाला न सांगता त्या गल्लीत जाऊन आली. हिरवं दार होतं, कडी डावीकडे होती. तिने टकटक केलं आणि अर्ध्या उघडलेल्या दारातल्या बाईला विचारलं, “ताई, मी तुमच्याकडे आले होते का हो, फॉर्म घेऊन?” बाईने मागे नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आम्हाला काही ठाऊक नाही.” दार लागलं. म्हाताऱ्याने आत घेतलं, पाणी दिलं, आणि मावशीने विचारल्यावर रेडिओ मोठा केला. अशी सात घरं. सातही घरांनी तिला ओळख दिली नाही. जी माणसं तेव्हा भीतीने गप्प होती ती आता कशाला बोलतील? हे मावशीच्या लक्षात यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. पण स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालेल्या माणसाला सातही घरं साक्षीदार वाटतात.

हे सगळं तिने रात्री जेवताना सांगितलं आणि वर म्हणाली, “मला डॉक्टरकडे ने.”

ऑफिसात तोवर फाइल मिटवायची घाई सुरू झाली होती. साहेबांनी एक कागद तयार करून दिला: मी घरोघरी न जाता एकतीस फॉर्म भरले, मला त्याचा पश्चात्ताप आहे, संस्थेने कारवाई करू नये. खाली सहीची जागा. “घरचंच माणूस आहे, तुम्हीच घ्या सही,” साहेब म्हणाले. कागद चार दिवस कणबाईच्या पिशवीत होता, दुसऱ्या घडी घातलेल्या कागदाला लागून.

डॉक्टर तरुण होती आणि घाईत नव्हती. तिने मावशीला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. मावशी प्रत्येक उत्तराआधी थांबायची आणि भाचीकडे बघायची, मग बरोबर उत्तर द्यायची. शेवटी डॉक्टरने कागद बाजूला ठेवला.

“काकू, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे,” ती हसून म्हणाली. “तीसपैकी तीस. निवांत राहा. काहीही झालेलं नाही तुम्हाला.”

कणबाईला मोकळा श्वास घेता आला. तिला वाटलं, सुटलं एकदाचं. आता मावशीला आपोआप कळेल, आपल्याला सांगावंच लागणार नाही. बाहेर व्हरांड्यात बाकावर दोघी बसल्या. समोर एक माणूस हाताला प्लास्टर घालून पेपर वाचत होता.

मावशीने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, “डोकं ठीक आहे, म्हणजे आता एकच उरलं.”

“काय?”

“मी लबाडी केली.” ती जमिनीकडे बघत होती. “तू चुकत नाहीस, डोकं चुकत नाही. मग दुसरं काय असणार? त्या महिन्यात गुडघा फार दुखत होता बघ. मी जिन्यावर बसले असेन आणि दिले असतील ठोकून. दोन दिवस झाले, मला तसं आठवायलाही लागलंय. पायरी गार होती. मांडीवर फॉर्म, आणि मी भराभरा लिहितेय.”

“मावशी...”

“थांब, बोलू दे मला. तुला माझ्यामुळे सगळ्यांसमोर माझं नाव वाचावं लागलं. ज्या पोरीला मी खोटं बोलायचं नाही म्हणून चिमटे काढले, तिला मी मान खाली घालायला लावली.” तिने भाचीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला, चार वर्षांच्या पोरीचा घ्यायची तसा नव्हे, मोठ्या माणसाचा घ्यावा तसा. “मला माफ करशील का गं?”

घडी घातलेला पहिला कागद पिशवीतच होता. कणबाईने पिशवीत हात घातला. बोटांना दोन्ही कागद लागले.

“केलं माफ,” ती म्हणाली. तिने साहेबांचा कागद बाहेर काढला, मावशीच्या मांडीवर नीट पसरला, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.